मृतांची गणना : महासाथीतील आकडा कसा घडतो

महासाथीच्या काळात रोज सायंकाळी मृतांचा आकडा जाहीर होतो, तेव्हा त्या रोगाने त्या दिवशी जितकी माणसे दगावली तितकाच तो आकडा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो नोंदींचा आकडा असतो. माणसाने प्राण सोडल्यापासून तो या आकड्यात सामावला जाईपर्यंत चाचणीचा अहवाल, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, निबंधकाची नोंदवही आणि आरोग्य खात्याने ठरवलेली व्याख्या असे टप्पे पार पडावे लागतात, आणि त्यांपैकी एकही सुटला तर तो मृत्यू हिशेबाबाहेर राहतो. भारतात कोविडच्या मृतांची अधिकृत संख्या सुमारे ५ लाख ३३ हजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२० आणि २०२१ या दोनच वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मे २०२२ मध्ये मांडला. या तफावतीकडे केवळ लपवाछपवी म्हणून पाहिले तर तिचे मूळ हाती लागत नाही, कारण ते महासाथीच्या कितीतरी आधीपासून चालत आलेल्या नोंदव्यवस्थेत दडलेले आहे.

भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार प्रत्येक मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे होणे अपेक्षित असते. परंतु मृत्यू झाला ही नोंद वेगळी आणि तो कशाने झाला ही नोंद वेगळी. घरी झालेल्या मृत्यूची नोंद नातेवाइकांच्या सांगण्यावरून होते, त्यांच्या हाती मृत्यूचा दाखला पडतो, तेराव्यानंतरची वारसनोंदीची कामेही त्यावर भागतात. मात्र कारणाविषयी डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्यामागे असतेच असे नाही. २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे १८ लाख मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले. म्हणजे दर नऊ नोंदींपैकी सात मृत्यू कशामुळे झाले, हे सांगणारा डॉक्टरांचा कागदच उपलब्ध नव्हता.

जिथे असा कागद असतो, तिथेही तो कसा भरला आहे यावर बरेच अवलंबून असते. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र दोन भागांत असते. पहिल्या भागातील (अ) या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण लिहायचे असते आणि त्याखालच्या ओळींत ते कारण ज्यामुळे उद्भवले त्याकडे एकेक पायरी मागे जायचे असते. उदाहरणार्थ, (अ) मध्ये तीव्र श्वसनविकार, (ब) मध्ये न्यूमोनिया आणि (क) मध्ये कोविड, अशी साखळी लिहिली तर सर्वांत खालच्या ओळीतील कोविड हे मृत्यूचे ‘मूळ कारण’ मानले जाते. दुसऱ्या भागात मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या सहव्याधी, म्हणजे मृत्यूला हातभार लावणारे पण त्या साखळीत थेट न बसणारे आजार नोंदवायचे असतात. आता याच रुग्णाच्या प्रमाणपत्रावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ एवढेच लिहिले, तर त्यात खोटे काहीच नसते, कारण हृदयक्रिया प्रत्येकाचीच अखेरीस बंद पडते; पण कोविडच्या गणनेतून तो माणूस वगळला जातो. सहव्याधीलाच मूळ कारण ठरवले, तरी परिणाम तोच होतो.

याखेरीज व्याख्येचा प्रश्न असतो. चाचणी झालीच नाही, किंवा चाचणीचा अहवाल नकारात्मक आला पण लक्षणे आणि फुप्फुसांचे सीटी स्कॅन कोविडकडेच बोट दाखवत होते, अशा रुग्णाचा मृत्यू कोणत्या रकान्यात टाकायचा, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या परीने दिले. बेल्जियमने वृद्धाश्रमांतील संशयित मृत्यूही मोजले. ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये ‘चाचणीनंतर २८ दिवसांच्या आतील मृत्यू’ ही मर्यादा घातली आणि एका दिवसात अधिकृत संख्या पाच हजारांहून अधिकने खाली आली. त्यामुळे देशादेशांचे आकडे शेजारीशेजारी मांडून कोण यशस्वी आणि कोण अपयशी हे ठरवण्याची घाई बहुतेक वेळा फसवी ठरते.

व्याख्या स्पष्ट असली, तरी रुग्णालयांकडून येणारी माहिती उशिरा पोहोचते आणि मग जुन्या नोंदींचा ताळमेळ घालावा लागतो. जून २०२० मध्ये महाराष्ट्राने असा ताळमेळ घातला, तेव्हा आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी संख्येत जमा झाले. त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईतील होते. बिहारमध्ये जून २०२१ मध्ये, पाटणा उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर झालेल्या फेरतपासणीत ३,९५१ मृत्यूंची भर पडली. पेरू या देशाने तर त्याच सुमारास आपली संख्या सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेली. अशा दुरुस्तीनंतर संबंधित सरकारवर टीकेची झोड उठते. तथापि चुकलेला आकडा उघडपणे दुरुस्त करणारी यंत्रणा ही जुन्याच आकड्याला चिकटून बसणाऱ्या यंत्रणेपेक्षा अधिक विश्वासार्ह मानली पाहिजे.

नोंदीतील या साऱ्या उणिवा ओलांडण्यासाठी संशोधक ‘अतिरिक्त मृत्यू’ ही संकल्पना वापरतात. महासाथ नसती तर त्या काळात किती मृत्यू अपेक्षित होते, हे आधीच्या वर्षांवरून काढायचे आणि सर्व कारणांनी प्रत्यक्ष झालेल्या मृत्यूंतून ते वजा करायचे, असा हा हिशेब आहे. त्यात कारण कोणी काय लिहिले याला महत्त्व उरत नाही. मात्र रोगाने थेट गेलेल्यांबरोबरच खाट किंवा उपचार न मिळाल्याने अन्य आजारांनी गेलेलेही त्यात येतात आणि टाळेबंदीमुळे घटलेले रस्ते अपघातांतील मृत्यू त्यातून आपोआप वजा होतात. याच पद्धतीने जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज केला. अधिकृत बेरीज तेव्हा ५४ लाखांच्या आसपास होती.

भारत सरकारने संघटनेचा भारताविषयीचा अंदाज अमान्य केला आणि नोंदणीची प्रत्यक्ष आकडेवारी असताना गणिती प्रतिमानांवर विसंबू नये, अशी भूमिका घेतली. २०२१ ची आकडेवारी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा नोंदलेले मृत्यू आदल्या वर्षापेक्षा सुमारे २१ लाखांनी वाढून १ कोटी २ लाखांवर गेल्याचे दिसले. त्या वर्षातील अधिकृत कोविड मृत्यू मात्र सुमारे ३ लाख ३० हजार होते. नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारत असल्याने या वाढीचा काही भाग निव्वळ अधिक नोंदणीचा असणार, हे मान्य करावे लागते. तरीही एका वर्षातील एवढी झेप केवळ त्यामुळे पडली, असे म्हणणे कठीण आहे.

हा अनुभव भारताला नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने देशात सुमारे ६० लाख बळी घेतल्याचा आरंभीचा सरकारी अंदाज होता; पुढे जनगणनांच्या आधारे अभ्यासकांनी तो १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाखांपर्यंत नेला. गावोगावी नोंद ठेवणारी माणसेच साथीत आजारी पडली आणि नोंदवह्या अपुऱ्या राहिल्या. नोंदींचा सर्वांत कस लागतो तेव्हाच त्या ठेवणारे हात कमी पडतात.

आकड्यातील अचूकता हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही, हे सानुग्रह अनुदानाच्या प्रश्नाने दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ मधील निकालानंतर मार्गदर्शक सूचना निघाल्या. चाचणीपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला तरी, कोविडचा मानण्याचे ठरले आणि वारसांना ५० हजार रुपये देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार, तर अर्ज २ लाखांहून अधिक होते. गुजरातमध्ये अधिकृत संख्या सुमारे १० हजार आणि अर्ज सुमारे ८९ हजार होते. प्रत्येक अर्ज ग्राह्य नसेल, काही दुबार असतील. पण व्याख्या रुंदावताच आणि घरच्यांना दार ठोठावण्याची सोय मिळताच न मोजलेली माणसे कागदावर येऊ लागली.

पुढच्या साथीतील आकडा खरा असावा, असे वाटत असेल तर त्याची तयारी साथ नसतानाच्या वर्षांत व्हायला हवी : घरी झालेल्या मृत्यूचेही कारण विचारून नोंदवले गेले पाहिजे, डॉक्टरांना प्रमाणपत्रातील ती साखळी शेवटच्या ओळीपर्यंत नीट लिहिण्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि नोंदणीची आकडेवारी तीन-चार वर्षांनी येण्याऐवजी त्याच वर्षी लोकांसमोर यायला हवी. लस कोठे आधी पोहोचवायची, प्राणवायूचा साठा कोणत्या जिल्ह्यात करायचा, हे निर्णय याच नोंदींवर होतात. म्हणून एखाद्या गावातील एका मृत्यूचे कारण नीट लिहिणे ही गेलेल्याची दखल असते आणि मागे राहिलेल्यांचे संरक्षणही असते.