मावशींना भांडवल कोण देणार?

मुलांनो, समजा चिखलीच्या एका मावशींना पापडाचा धंदा काढायचाय. हात सराईत, गिऱ्हाईकही आहे. अडलंय ते उडीदडाळ आणि यंत्राच्या पैशांपाशी. सावकार देईल, पण मंगळसूत्र गहाण ठेवून!

१९८६ साली राधेश्याम चांडक यांनी ७२ सभासद आणि १२,००० रुपयांवर 'बुलडाणा अर्बन' पतसंस्था सुरू केली. भागाकार करून पाहा बरं, माणशी पावणेदोनशेसुद्धा होत नाहीत! पतसंस्थेत एकाच्या बचतीतून दुसऱ्याला कर्ज मिळतं. शेतकऱ्यांना तर गोदामात ठेवलेल्या धान्यावरही मिळतं.

पण मावशींकडे तारण ठेवायला धान्य कुठलं? त्यांच्या कामी येतो बचत गट. दहा-वीस बायका दरमहा थोडे थोडे पैसे साठवतात, आपसांत कर्ज देतात, फेडतात आणि सगळं वहीत लिहितात. ती वही पाहून बँकेला भरवसा वाटतो. 'नाबार्ड'ने १९९२ पासून असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली.

२०१५ मध्ये मुद्रा योजना आली. तिच्यात ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाचं नाव 'शिशु', आणि त्याला तारण लागत नाही. हप्ते मात्र फेडावेच लागतात हं!

तुमची आई गटात असेल, तर आज तिची वही मागून बघा.