बाळाची गोधडी आणि हरवलेली सुई

लेक बाळंतपणाला माहेरी यायची म्हटले की आपण आधी ट्रंका उपसायला बसतो. मीही बसले. सासूबाईंचे एक नऊवारी लुगडे आणि आईची दोन सुती पातळे निघाली. पुष्कळ वर्षांच्या धुण्याने कापड अगदी लोण्यासारखे झालेले! त्यांतून पाच लहान गोधड्या शिवायचे ठरवले. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी नव्या पुडीतून तीन सुया काढल्या, चौथीचे राहिलेले कोपरे शिवले, पाचवी पुरी केली, आणि आवरायला घेतले तर सुया दोनच.

अहो, काळजाचा ठोकाच चुकला. कारण चौथी गोधडी दुपारपासून बाळाखाली होती.

बाळाला उचलले. सतरंजी झटकली, फरशी हाताने चाचपली, दोन्ही गोधड्या तळव्याने दाबदाबून पाहिल्या. काही लागेना. शेवटी भाच्याने जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले लोहचुंबक आणून हळूहळू फिरवले, तेव्हा चौथीच्या कोपऱ्यात, दोन थरांच्या मध्ये आडवी पडलेली सुई सापडली. यजमान म्हणाले, "तुमच्या शिवणाच्या डब्यात हत्ती हरवला तरी कळायचं नाही." राग आला, पण खोटे नव्हते.

तो डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. हुक, नाड्या, अर्धी रिळे, खडू, सगळ्याचा एक गोळा. आता सुयांसाठी फ्लॅनेलच्या तुकड्याची चार पानांची छोटी वही शिवली आहे. वरच्या पानावर बॉलपेनने आकडा घातला आहे : 5. काढताना मोजायच्या, ठेवताना मोजायच्या. मध्येच चहाला उठायचे झाले तरी आधी मोजायच्या. सुई मोडली तर दोन्ही तुकडे शोधून औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायचे. आणि पदराला किंवा गादीला सुई टोचून ठेवायची आपली जी सवय आहे ना, ती आधी सोडा. लोहचुंबकही आता डब्यातच असते. पूर्वीच्या बायका केसांचा गुंतवळ भरून सुया टोचायची उशी करत. केसांच्या तेलाने सुया गंजत नाहीत. गंजकी सुई कापडात अडते आणि डागही पाडते. बाकी डब्याचे म्हणाल तर एका जातीची बटणे एका दोऱ्यात ओवून ठेवा आणि कापडाची कात्री कागदाला लावू देऊ नका, एवढे पुरे.

आता गोधडी. कापड उजेडासमोर धरा. जिथे जाळी दिसते तिथले ते गेलेले, त्याला टाका धरणार नाही. ते काढून टाका किंवा आतल्या थरात ठिगळासारखे वापरा. नायलॉनची साडी बाळाच्या अंगाशी नको, ती ओल शोषत नाही. लाल किंवा गडद काठ असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का ते पाहा. जात असेल तर ते कापड बाहेरच ठेवा.

हिशेब सोपा आहे. पाचवारी पातळ 180 इंचांचे. त्याचे पाच सारखे तुकडे केले तर साधारण 36 बाय 45 इंचांचे पाच थर मिळतात, म्हणजे बाळाची एक गोधडी. नऊवारीची चौपदरी घडी 81 इंच लांब होते. ती एका माणसाला अंथरायला पुरते. मोह होतो, पण सहा-सात थर घालू नका. ओली गोधडी पिळताना मनगटे भरून येतात आणि पावसाळ्यात ती वाळत नाही.

थर जमिनीवर एकावर एक पसरा, कोपऱ्यांवर तांबे ठेवा, आणि मधून कडेकडे हात फिरवत चुण्या काढा. मग लांब कच्च्या टाक्यांनी सगळे टाचून घ्या. कंटाळा करून हे टाळले की मध्ये झोळ आलाच समजा! त्यानंतर काठ आत दुमडून कडेने धावदोरा घालायचा आणि फेऱ्या घेत मध्याकडे यायचे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही आपली कवंद अशीच कडेपासून शिवत आत येतात आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावतात. त्या फुलांशिवाय कवंद उघडी वाटते, असे त्या मानतात.

दोरा सुती, जाड आणि हातभरच घ्या. मेणबत्तीवरून ओढला तर गुंतत नाही. बाळाच्या गोधडीत टाके बारीक हवेत, कारण लांब टाक्यात इवलीशी बोटे अडकतात. गाठ थरांच्या आत लपवा आणि लोंबता दोरा एकही ठेवू नका. तो बोटाला गुंडाळला जाऊन बोट सुजू शकते. गोधडी बाळाखाली नीट ताणून अंथरा, पण ते झोपले असता अंगावर जड गोधडी टाकू नका, तोंडाशी तर नाहीच.

लेक सासरी निघाली तेव्हा पाचही गोधड्या तिच्या बॅगेत गेल्या. वर तिच्यासाठी शिवलेली फ्लॅनेलची वही ठेवली. तिने ती उघडली, सुया मोजल्या आणि म्हणाली, "आई, चारच आहेत गं." पाचवी माझ्या पदराला होती.