गादी ओली, मांजर पोत्यात

पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरी असल्याची बातमी 2025 च्या फेब्रुवारीत गाजली. शेजाऱ्यांची तक्रार मुख्यतः वासाची होती. परभणीत एकच मांजर पाळणाऱ्यालाही तो वास समजावून सांगावा लागत नाही. पाहुणे उतरले, पाळणा हलला, रंगकाम निघालं, की इतके दिवस शहाण्यासारखं रेतीच्या घमेल्यात जाणारं मांजर थेट गादीवर बसतं. घरच्यांचा निकाल ठरलेला: डूख धरलाय मेल्याने! मग त्याचं नाक ओल्या जागी घासायचं, नाहीतर पाठीत चप्पल.

हा आरोप टिकत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 32 मांजरांवर 77 आठवडे नजर ठेवली. निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले. त्यातल्या 20 मांजरांना मूत्राशयाचा जुना दाह होता, 12 धडधाकट होती. खाणं, साफसफाई, सांभाळणारं माणूस, सगळं घड्याळाच्या काट्यावर. पण कधी खाण्याची वेळ टळली, कधी नेहमीचं माणूस बदललं, की मांजरं ओकायची, अन्न टाकायची, ट्रे सोडून भलतीकडेच लघवी करायची. गंमत अशी, की धडधाकट मांजरंही यात मागे नव्हती.

ताणाने मूत्राशयाचं अस्तर सुजतं. तपासणीत जंतू सापडत नाहीत, पण लघवी करताना आग होते. जिथे दुखलं ते घमेलंच मांजर टाळू लागतं आणि मऊ गादी शोधतं. यात सूड कुठे आला? मार बसला की ताण वाढतो, म्हणजे दुखणंही.

बोक्याचं थोडं निराळं. शेपूट ताठ करून, थरथरवत कपाटाच्या कडेला उडवलेली धार ही हद्दीची खूण. खिडकीबाहेर परका बोका दिसला तरी ती उडते. नसबंदी केली की दहातल्या जवळपास नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा बरीच कमी होते.

परभणीचा उन्हाळा यात भर घालतो. मुळात कमी पाणी पिणारा प्राणी, त्यात 44 अंशांचा मे. लघवी दाट होते, आग वाढते. पसरट भांड्यांत दोन-तीन ठिकाणी ताजं पाणी ठेवावं, खाण्यातही पाणी मिसळावं. मांजरं जितकी, त्याहून एक घमेलं जास्त हवं, तेही कूलरच्या घरघरीपासून लांब. फिनेलने पुसणं मात्र सोडा. वास आपल्या नाकाला झाकला जातो, मांजराच्या नाही; शिवाय फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही.

बोका सारखा बसतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाही, तर मूत्रमार्ग तुंबला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जातो, तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नये. शहरात 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते फक्त गाई-म्हशींचं, हा समज सोडून बोक्याला तिथे न्यावं.

उरला पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्याचा उपाय. उपासमार होईल अशा जागी जनावर विनाकारण टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड, 10 ते 50 रुपये.