चार डिस्क, मग जागा तीनचीच का?

काल एका फोटोग्राफर मित्राला नास, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी, लावून दिला. ४ टीबीच्या चार डिस्क, पण जागा मिळाली जेमतेम तिघींची. "चौथी गेली कुठे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

ती पॅरिटीत, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशेबात, गेली. समजा तीन डिस्कवर १, ०, १ आहेत. १ ची संख्या सम, म्हणून पॅरिटी ०. आता पहिली डिस्क गेली, तर उरले ०, १, ०. बेरीज सम व्हायला हरवलेला बिट १ च हवा!

डिस्क एकत्र जोडायच्या रेड-५ पद्धतीत ही पॅरिटी आळीपाळीने सगळ्या डिस्कवर फिरते. पण डेटा लिहिला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटतो. हाच तो 'राइट होल'.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमचा यावरचा तोडगा मला फार आवडतो. चालू डेटावर ती लिहीतच नाही. नवा ब्लॉक पॅरिटीसकट नव्या जागी जातो आणि सगळं उतरल्यावरच पत्ता बदलतो.

डिस्कवर एकत्र लिहिला जाणारा डेटा-पॅरिटीचा पट्टाही ब्लॉकच्या मापाचा. ४ केबीचा सेक्टर असेल, तर झेडएफएसच्या एका पॅरिटीच्या रेड-झेड१ मांडणीत ४ केबीच्या ब्लॉकला एक सेक्टर डेटाचा, एक पॅरिटीचा. म्हणून बारीक फायलींनी जागा भराभर संपते. तिथे मी मिररच, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, सुचवतो.

आणि बॅकअप वेगळा ठेवाच. चुकून डिलीट केलेले फोटो पॅरिटी परत आणत नाही.

तुमच्याकडे किती डिस्क आहेत, त्यावर काय ठेवायचंय? कमेंटमध्ये लिहा, मांडणी सुचवतो.