लिंबाचे चार थेंब आणि उधन्याचे माग

एक काडी घ्या, दोन्ही टोकांना कापूस गुंडाळा आणि मधोमध दोरा बांधून अगदी आडवी लटकवा. आता एक टोक २० सेकंद जिभेवर धरा. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका आणि दुसरं टोक तेवढाच वेळ धरा. काडी पुन्हा लटकवा. गप्पिष्ट माणसाची काडी बहुधा जवळपास आडवीच राहते. अबोल माणसाची लिंबाच्या बाजूला झुकते! १९६०च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी हे करून पाहिलं.

ज्याला आपण घुम्या म्हणतो, त्याच्याच तोंडाला जास्त पाणी का सुटावं? हान्स आयझेंक यांनी १९६७ साली म्हटलं, अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त चेतलेला असतो. आधीच काठोकाठ भरलेल्या हंड्यात अजून किती ओतणार? पुढच्या संशोधनात हे चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं, पण त्यातून सुचलेले प्रयोग थक्क करणारे आहेत.

रसेल गीन यांचा १९८४चा प्रयोग बघा. शब्दांचा एक खेळ शिकायचा, कानावर आवाज चालू, आणि तो किती मोठा ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बहिर्मुखांनी सरासरी ७२ डेसिबल निवडले, अंतर्मुखांनी ५५. फरक फक्त १७चा? डेसिबलचं गणित असं, की ही ध्वनीची ऊर्जा तब्बल ५० पट झाली! आपापल्या आवाजात दोघंही सारखेच हुशार ठरले. आवाजांची अदलाबदल केली, आणि दोघंही अडखळले. म्हणजे बडबड्यालाही शांतता जाचते.

आता सुरतेतल्या उधन्यात या. नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून ताप्तीकाठच्या रेल्वेनं आलेली कितीतरी खानदेशी माणसं इथे मागावर उभी असतात. धोटा इकडून तिकडे आपटतो, शेडमधला आवाज नव्वदीपार जातो, आणि गंमत म्हणजे या कल्लोळात बोलणंच संपतं! धागा तुटला, बॉबिन संपली, सगळं बोटांनी आणि भुवयांनी सांगायचं. अख्ख्या उधन्यात अबोल माणसाला कुणी ‘बोलत का नाहीस’ विचारत नाही, अशी जागा बहुधा हीच.

पण कान तर चालूच असतात. बारा तासांनी पाळी सुटते. खोलीवर एकाचं अंथरूण गुंडाळलं की दुसऱ्याचं पसरतं, मोबाइलवर गाणी लागतात, पत्ते निघतात. अबोल माणूस मात्र भिंतीकडे तोंड करून पडतो. ‘‘काय व्हयनं भो? रागायना का?’’ कुणीतरी मायेनंच विचारतं. तो रागावलेला नसतो. त्याचे ५५ डेसिबल सकाळी पहिला माग सुरू झाला तेव्हाच संपलेले असतात.