केशराचा पाव आणि पुष्कळ हात

डिसेंबर लागला की स्वीडनमधल्या किराणा दुकानांत केशर गल्ल्यापाशी येऊन बसतं. अर्ध्या ग्रॅमची इवलीशी पुडी, आत केशराची पूड. वस्तू महागाची, त्यामुळे बऱ्याच दुकानांत ती मागूनच घ्यावी लागते. रांगेत पुढची आजी दोन पुड्या मागते, मागचा कॉलेजातला मुलगा एक मागतो आणि कशाला हवी, हे कुणी कुणाला विचारत नाही. 13 डिसेंबरला लुसियाचा सण असतो आणि लुसियाला केशर घातलेले, इंग्रजी ‘एस’सारखे वळलेले गोड पाव लागतात. त्यांना इथे लुसेकाट म्हणतात.

मी मूळची चिपळूणची. गोथेनबर्गमधल्या एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात नोकरी करते. एरवी आमचं काम म्हणजे सूप, उकडलेले बटाटे, मासे आणि पास्ता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र जेवणाच्या टेबलांवर मैदा भुरभुरला जातो, बाह्या वर सरकवून मुलं रांगेने हात धुतात आणि पाव वळायला बसतात. वर्षभरातल्या सगळ्या कामांत मला हे काम सर्वांत प्रिय आहे. सणाचा पाव चवीसाठी करावाच, पण त्याहून जास्त तो मिळून वळण्यासाठी करावा, असं माझं ठाम मत इथेच झालं.

सर्वांत लांब रात्र

लुसिया ही सिसिली बेटावरच्या सिराक्यूजची ख्रिस्ती संत. रोमन सम्राट डायोक्लिशियनच्या काळात, इ.स. 304 मध्ये तिचा छळ करून तिला मारलं, असं परंपरा सांगते. दक्षिणेकडची ही संत उत्तरेच्या बर्फात एवढी आपली कशी झाली, याचं बरंचसं उत्तर कॅलेंडरात आहे. आजच्या कॅलेंडरात वर्षातली सर्वांत लांब रात्र 21-22 डिसेंबरला येते. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात चौदाव्या शतकाच्या सुमारास ती 13 डिसेंबरच्या आसपास येई. लुसियाचा दिवस आणि सगळ्यात मोठा अंधार असे एका ठिकाणी आले. स्वीडनने 1753 मध्ये नवं कॅलेंडर घेतलं, पण लुसियाची रात्र लांब, ही समजूत लोकांच्या मनातून हलली नाही. त्या रात्री जागायचं, गुरांना जादा चारा घालायचा, पहाटे पोटभर खायचं, अशी खेड्यांत रीत होती.

पांढऱ्या झग्यातल्या लुसियाची जुनी नोंद 1764 सालची आहे, पश्चिमेकडच्या वेस्टरयोतलांद प्रांतातल्या एका जमीनदाराच्या वाड्यातली. पुढे 1920च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोमच्या एका वृत्तपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतली आणि मिरवणुकीचं आजचं रूप देशभर पसरलं. पुढे लुसिया, तिच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, कमरेला लाल फीत. मागे पांढऱ्या झग्यांतल्या मुली, उंच टोकदार टोप्या घातलेली आणि हातात तारा धरलेली मुलं. सगळे गातात त्या लुसियाच्या गाण्याची चाल इटलीतल्या नेपल्सची. या दिवसाला सरकारी सुट्टी नसते. शाळा, कचेऱ्या, रुग्णालयं, वृद्धाश्रम सगळं चालू असतं आणि सगळीकडे मिरवणूक निघते.

गोथेनबर्गमध्ये या दिवसांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. अगदी उत्तरेच्या किरुना शहरात तर तो उगवतच नाही. आमच्याकडची मुलं अंधारात येतात आणि अंधारातच घरी जातात. अशा दिवसांत पिवळाधमक पाव ताटात आला की माणसाला किती बरं वाटतं, ते इथला एक हिवाळा काढला की कळतं.

गहू, केशर आणि आकार

जुन्या स्वीडनमध्ये रोजची भाकरी राय, बार्ली किंवा ओटची. गव्हाचं पांढरं पीठ सणासुदीलाच. त्यात केशर म्हणजे श्रीमंती. सुमारे दीड लाख फुलांमधून एक किलो केशर निघतं. प्रत्येक फुलात तीनच काड्या आणि त्या हातानेच खुडाव्या लागतात. आजही जगातलं बहुतेक केशर इराणात पिकतं. म्हणजे हा पाव उत्तरेचा असला, तरी त्याचा रंग फार लांबून आलेला आहे.

एस हा सर्वांत ओळखीचा आकार. पण जुन्या घरांत आणखी कितीतरी आकार करत. दोन एस एकमेकांवर आडवे ठेवून चार चाकांच्या गाडीसारखा पाव होई. बारीक पट्ट्यांच्या टोकांना आत वळवून एकावर एक रचलं की त्याला ‘पुरोहिताचे केस’ म्हणत. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या आकाराचाही पाव असे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या वयस्क बाई दालार्ना भागातल्या आहेत. त्यांना हे सगळे आकार येतात आणि दरवर्षी मुलांना त्या एक तरी नवा शिकवतात.

हे आकार नुसते शोभेचे नाहीत. केशराच्या पावाचा मोठा शत्रू कोरडेपणा. जाड गोल पाव आतपर्यंत भाजायला वेळ लागतो आणि तोवर बाहेरून तो सुकतो. बोटाएवढ्या जाडीच्या वळीचा एस मात्र चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये सहा-आठ मिनिटांत होतो. ओल आत राहते, वरून सोनेरी रंग चढतो. शिवाय कापायला सुरी लागत नाही; ज्याचा त्याचा पाव ज्याच्या त्याच्या हातात.

टेबलाभोवती

पाव वळायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही केशर भिजवतो. केशराचा पिवळा रंग देणारं द्रव्य, क्रोसिन, पाण्यात विरघळतं, तुपालोण्यात नाही. म्हणून वितळलेल्या लोण्यात केशर टाकलं तर रंग नीट सुटत नाही. थोड्या कोमट दुधात टाकलं की सुटतो. काड्यांचं केशर आधी साखरेच्या दाण्यांबरोबर खलात खललं तर आणखी चांगलं. साखरेच्या कडा काड्या चिरडतात आणि रंग-वास दोन्ही मोकळे होतात. आपल्याकडे श्रीखंड करणाऱ्या बाईला यातलं काहीच नवीन नाही. केशर जास्त घातलं की चव वाढते असंही नाही; प्रमाण सुटलं तर पाव कडवट लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळायचं. त्यात दूध, लोणी, साखर, यीस्ट आणि क्वार्ग. क्वार्ग म्हणजे दह्यासारखा विरजलेला, निथळलेला घट्ट पदार्थ. क्वार्गमुळे पाव जास्त वेळ मऊ राहतो. ज्या मुलांना दूध चालत नाही, त्यांच्यासाठी ओटच्या पेयाचा आणि वनस्पती लोण्याचा वेगळा गोळा होतो. तो सर्वांत आधी, स्वच्छ टेबलावर वळला जातो, म्हणजे त्या मुलांच्याही हातचे पाव ताटात असतात.

मग मुलं बसतात. चार वर्षांच्या मुलीचे तळवे किती छोटे! पिठाचा गोळा तिच्या दोन्ही हातांत मावत नाही. ती तो मधून दाबते, हात पुढेमागे करते आणि वळी मध्ये बारीक, टोकांना जाड होते. तेव्हा मी तिच्या हातांवर हात ठेवून मधून बाहेर जायला शिकवते: दोन्ही तळवे मध्यावर, मग हळूहळू टोकांकडे. टेबलावर मैदा फार झाला की वळी गोल फिरायच्या ऐवजी नुसती घसरते. जरा झाडून काढला, पीठ लाकडाला किंचित धरू लागलं की ती सरसर लांब होते. मग एक टोक वरून आत, दुसरं टोक खालून आत. दोन्ही गुंडाळ्या विरुद्ध दिशांना. ‘गोगलगाय!’ असं कुणीतरी ओरडतं. शेवटी प्रत्येक गुंडाळीच्या मध्यावर एकेक बेदाणा. तो बोटाने थेट तळापर्यंत दाबायचा. वरवर ठेवला तर पीठ फुगताना तो उपटून निघतो.

आपल्याकडे दिवाळीत करंज्या करताना एक जण लाटते, दुसरी भरते, तिसरी मुरड घालते, तसंच इथे चालतं. मुलं वळतात, बाई ट्रेवर मांडतात, मी वरून अंडं लावते. ओबडधोबड पाव आम्ही मुद्दाम दुरुस्त करत नाही. 13 डिसेंबरच्या सकाळी पालक अंधारात अंगणात उभे राहतात, मुलं बॅटरीच्या मेणबत्त्या हातात धरून गात येतात आणि नंतर कॉफीबरोबर पाव वाटले जातात. आपण वळलेला पाव मूल बरोबर ओळखतं आणि आईच्या हातात नेऊन देतं. या देशात सीरिया, सोमालिया, पोलंड, भारत अशा कुठकुठल्या ठिकाणांहून आलेली मुलं एकाच टेबलाशी बसून हा पाव शिकतात. लुसियाची गोष्ट त्यांना पुढे कळेल. पाव आधीच त्यांचा झालेला असतो.

आपल्या घरी करायचा तर

हा पाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरी होतो. क्वार्गच्या जागी आपला चक्का उत्तम चालतो, फक्त तो आंबट नसावा. सोळा पावांसाठी: मैदा 500 ग्रॅम, दूध 250 मिलिलिटर, लोणी 75 ग्रॅम, साखर 90 ग्रॅम, चक्का 125 ग्रॅम, केशर अर्धा ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, मीठ पाव चमचा, बेदाणे 32.

केशर चमचाभर साखरेबरोबर खलून दोन-तीन चमचे कोमट दुधात तासभर तरी ठेवा. रात्रभर ठेवलंत तर फारच छान. लोणी वितळवून त्यात दूध घाला. मिश्रण बोटाला कोमट लागेल इतपतच गरम असावं, फार गरम झालं तर यीस्ट मरतं. त्यात चक्का, साखर, मीठ आणि केशराचं दूध मिसळा. मैद्यातला मूठभर बाजूला ठेवून बाकीच्यात यीस्ट कालवा, मग सगळं एकत्र करून दहा मिनिटं नेटाने मळा. पीठ सैल आणि हाताला जरा चिकट राहायला हवं. चिकटतंय म्हणून मैदा वाढवत गेलात तर पाव कोरडा होणार, हे पक्कं. बाजूला ठेवलेला मैदा खरोखर लागला तरच घ्या.

गोळा झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. साखर आणि लोणी यीस्टला मंद करतात, म्हणून घाई नको. कोकणातल्या डिसेंबरात तासाभरात होईल, पुण्या-नाशिकच्या थंडीत जास्त वेळ लागेल. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. मग सोळा गोळे करून दहा मिनिटं झाकून विसावू द्या. वळी लांब करताना ती आखडून परत लहान होत असेल, तर तिला थोडा विसावा हवा आहे. ती बाजूला ठेवून दुसरी घ्या. वळी बोटाएवढी जाड, वीतभर किंवा किंचित जास्त लांब करा. एस वळून अर्धा तास कापडाखाली ठेवा. नंतर भिजवलेले बेदाणे खोल दाबा आणि वरून फेटलेलं अंडं लावा. अंडं चालत नसेल तर दूध लावा.

ओव्हन 225 अंशांवर नीट तापलेला हवा. सहा ते आठ मिनिटं पुरतात. घरगुती छोट्या ओटीजीत दांड्या पावांच्या जवळ असतात, म्हणून 200 अंश आणि आठ-दहा मिनिटं ठेवा. शेवटची दोन मिनिटं समोरून हलू नका. वरून सोनेरी, तळाला फिकट तपकिरी रंग आला की झालं. बाहेर काढल्यावर लगेच कापड झाकून निववा, म्हणजे वरची साल मऊ राहते. त्याच दिवशी खायचे नसतील ते निवल्याबरोबर फ्रीजरमध्ये टाका. इथली घरंही तेच करतात. दुसऱ्या दिवशी बाहेर ठेवलेला लुसेकाट पहिल्या दिवसाच्या निम्म्यानेही चांगला लागत नाही.

केशर महाग आहे, ओव्हन सगळ्यांकडे नसतो, हे मला ठाऊक आहे. केशर नसेल तर वेलदोडा घाला. त्याला लुसेकाट म्हणता येणार नाही, पण वळण्याची मजा कमी होणार नाही. शेजारच्या घरी ओव्हन असेल तर पीठ तुम्ही मळा आणि त्यांच्याकडे जाऊन भाजा. माझी कळकळीची विनंती एवढीच आहे: हा पाव एकट्याने करून ताटात मांडून पाहुण्यांना बोलावू नका. पाहुण्यांना दोन तास आधी बोलवा, लहान मुलांना स्टुलावर उभं करा, आजोबांच्याही हातात एक गोळा द्या आणि प्रत्येकाने वळलेला पाव तसाच भाजा. सोळातले चार वाकडे झाले तरी चालतील. सणाला घर एकत्र यावं, असं आपण म्हणतो; त्यासाठी हातांना मिळून करायला काही काम द्यावं लागतं. हे काम त्यासाठी उत्तम आहे.