गंगाथडीचे गाव आणि नाथसागराचे पाणी

दौलताबादच्या किल्ल्याएवढा बळकट किल्ला दक्षिणेत क्वचितच सापडेल. यादवांची ही देवगिरी सन १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानी केली. परंतु खंदक, तट आणि हत्ती हौद एवढ्या सामग्रीवर राजधानीच्या वस्तीची तहान कायमची भागणारी नव्हती. राजधानी दिल्लीस परत गेली, तिची जी कारणे इतिहासकार देतात त्यांत पाण्याची टंचाई हे एक आहे. पुढे मलिक अंबराने जवळच खडकी हे शहर वसविले, तेव्हा त्याने डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालून नहरीने आणले. त्याच शहरास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आता पैठणच्या नाथसागरातून पाणी येते. डोंगराकडील माणूस आज गंगेचे पाणी पितो. मग ज्या गंगाथडीने त्या पाण्यास जागा दिली, तिचे काय झाले याचा विचार करणे त्यास प्राप्तच आहे.

गोदावरीस आपल्याकडे गंगा म्हणतात व तिच्या काठच्या मुलखास गंगाथडी. गंगापूर, पैठण, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील काठची गावे धरणापूर्वी नदीच्या चालीने चालत असत. पावसाळ्यात पूर येई तो काठावर गाळ टाकून जाई. त्या मळईच्या जमिनीत रब्बीची ज्वारी, गहू व हरभरा नुसत्या ओलीवर उभा राही. पाणी ओसरले म्हणजे वाळवंटात टरबूज, खरबूज, काकडी यांच्या वाड्या लागत. नावेचा उतार, मासेमारी, गुरांचे पाणी, कपड्यांचा घाट, हे सर्व नदीकाठीच होते. फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणास नाथांची यात्रा भरे व आजही भरते.

गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, कोळी आदी बलुतेदारांचा वाटा खळ्यावर ठरलेला असे. मात्र हे चित्र सर्वस्वी गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या नदीचे पाणी सर्वांसाठी वाहत होते, तिच्या काठीही अस्पृश्य मानलेल्या बांधवांस निराळी जागा असे. आणि ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याचा वाटा धन्याच्या मर्जीवर राही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

दिनांक १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाचा पाया घातला गेला व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणास २७ दरवाजे आहेत. उपयुक्त साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट आणि पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. डावा कालवा २०८ व उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. जालना, परभणी, बीड या जिल्ह्यांतील कोरडवाहू जमिनीस यामुळे पाणी मिळाले, हे उपकार कोणी नाकारू नये.

परंतु या पसाऱ्याची झळ शंभराहून अधिक गावांस पोहोचली. काळी बुडाली आणि पांढरीही बुडाली. ज्याचा सातबारा होता त्यास मोबदला मिळाला. ज्याचा हक्क केवळ वहिवाटीचा होता, त्या नावाड्यास, वाडी लावणाऱ्यास व बलुतेदारास दाखविण्यास कागदच नव्हता. प्रकल्पामुळे उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्रातील पहिला कायदा झाला तो सन १९७६ मध्ये, म्हणजे धरणाच्या उद्घाटनाच्याच वर्षी! घरे उठली तेव्हा तो आधार नव्हता.

आता उरलेल्या काठाविषयी. हा जलाशय पसरट व उथळ आहे. म्हणून पाणी थोडे उतरले तरी बरीच जमीन उघडी पडते. या गाळाच्या जमिनीवर घेतात त्या पिकास गाळपेर म्हणतात. नांगरटीचा खर्च कमी, खताची गरज कमी आणि ओल भरपूर. हरभरा व गहू यांस ती मानवते. जुन्या मळईचीच ही नवी आवृत्ती होय. मात्र जमीन सरकारची असून ती हंगामापुरती मिळते, व तीवर पहिला हक्क प्रकल्पग्रस्तांचा मानण्याची रीत आहे. तेव्हा काठच्या गावांनी तीन गोष्टी कराव्यात. ग्रामसभेत खऱ्या प्रकल्पग्रस्तांची यादी वाचून कायम करावी, म्हणजे बळवंताने जमीन बळकावण्यास वाव राहणार नाही. भूमिहीन कुटुंबांस त्या यादीनंतर पहिली जागा द्यावी. आणि गाळपेरीत रासायनिक खते व विषारी औषधे शक्य तितकी टाळावीत. कारण पाणी चढले की तीच औषधे पिण्याच्या पाण्यात उतरतात.

दुसरा प्रश्न वरच्या पाण्याचा. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे भरली तरी जायकवाडी रिकामे राहते, असे अनेकदा घडते. सन २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. त्यानुसार १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे, असे प्राधिकरणाने सन २०१४ मध्ये ठरविले. दरवेळी यावरून खालचा शेतकरी व वरचा शेतकरी समोरासमोर उभे राहतात. आमचे म्हणणे इतकेच, की वरच्या शेतकऱ्यापाशी न्याय मागणाऱ्याने आपल्या चारीच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते की नाही हे आधी पाहावे. शेंड्याचा शेतकरी कोरडा ठेवून माथ्याच्याने ऊस भिजवावा आणि नाशिककरांस दोष द्यावा, हे शोभत नाही.

पूर्वी नदीच वाटणी करीत होती. तिने टाकला तेवढा गाळ, ठेवली तेवढी ओल. आता ती वाटणी माणसाच्या हाती आली आहे. म्हणून पाणीवापर संस्थेची सभा चुकवू नये, पाळीपत्रक चावडीवर लावून घ्यावे, आणि सभेत ज्याच्या नावे जमीन नाही त्यासही बोलू द्यावे. ज्यांचा हक्क मागे कागदावर नव्हता, त्यांचे नाव या खेपेस तरी सुटू नये, एवढी काळजी आम्हा जमीनदार शेतकऱ्यांनी घेतली तर गंगाथडीचे गाव पाण्याखाली जाऊनही जिवंत राहील.